उत्क्रांतीच्या वादांवरची पुस्तके: जोडीने वाचावीत अशी

नदीकाठ

बर्जेस शेल हे नाव मला पहिल्यांदा अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांच्या 'वंडरफुल लाइफ' या 1989 च्या पुस्तकात भेटले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डोंगरात 1909 मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या, मऊ शरीराच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडले आणि त्यांनी ते बहुतेक सगळे आपल्या परिचयाच्या गटांत बसवून टाकले. पुढे 1970 च्या दशकात केंब्रिजचे हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, डेरेक ब्रिग्ज व सायमन कॉनवे मॉरिस, यांनी हे प्राणी नव्याने तपासायला घेतले, तेव्हा पाच डोळे आणि तोंडापुढे सोंडेसारखी नळी असलेला ओपाबिनिया कोणत्याच गटात बसेना. या तिघांच्या कामाची कथा सांगता सांगता गूल्ड यांनी एक मोठा निष्कर्ष काढला: जीवसृष्टीच्या इतिहासाची फीत मागे गुंडाळून पुन्हा चालवली, तर दर वेळी निराळे चित्र उमटेल आणि त्यात माणूस असेलच असे नाही. पुस्तक संपल्यावर कितीतरी दिवस मी त्याच विचारात होतो.

काही महिन्यांनी मला कळले की ज्या कॉनवे मॉरिस यांना गूल्ड यांनी या कथेचे एक नायक केले होते, त्यांनीच 1998 मध्ये 'द क्रूसिबल ऑफ क्रिएशन' लिहून गूल्ड यांचा निष्कर्ष नाकारला आहे. एकसारख्या अडचणींवर सजीव पुन्हा पुन्हा एकसारखीच उत्तरे काढतात, म्हणून फीत कितीही वेळा चालवली तरी मोठ्या गोष्टी बऱ्याच अंशी तशाच घडतील, असे त्यांचे म्हणणे आहे. जीवाश्म तेच, ते हाताळणाऱ्यांपैकी एक माणूसही तोच, आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या विरुद्ध! ही दोन्ही पुस्तके एका पावसाळ्यात पाठोपाठ वाचली तेव्हा मला समजले की पहिले पुस्तक मी एकटे वाचले असताना ते पुरते वाचलेच नव्हते. गूल्ड कोणत्या जागी पुरावा मांडतात आणि कोणत्या जागी पुराव्यापलीकडे पाऊल टाकतात, हे दुसऱ्या पुस्तकामुळे दिसले.

या धाग्यामागे माझे एक मत आहे, ते आधीच सांगतो. लोकप्रिय विज्ञानाची पुस्तके म्हणजे शास्त्रज्ञांनी आपापसात ठरवलेल्या गोष्टी सामान्य वाचकासाठी सोप्या करून सांगणे, असे आपण धरून चालतो. उत्क्रांतीच्या बाबतीत ते खरे नाही, कारण इथे वादाचा मोठा भाग या पुस्तकांमध्येच झाला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचे 'द सेल्फिश जीन' 1976 चे. प्राणी आपल्या गटाच्या भल्यासाठी स्वतःची वीण आवरतात, अशी मांडणी विन-एडवर्ड्स यांनी 1962 मध्ये केली होती. विल्यम हॅमिल्टन यांच्या 1964 च्या निबंधांतून आणि जॉर्ज विल्यम्स यांच्या 1966 च्या ग्रंथातून तिच्यासमोर दुसरा विचार उभा राहिला. डॉकिन्स यांनी तो विचार उचलून नैसर्गिक निवडीचा हिशेब जनुकाच्या बाजूने मांडायचा असे ठरवले आणि ती मांडणी इतकी नेमकी झाली की सर्वसामान्य वाचकांइतकीच जीवशास्त्रज्ञांनीही ती वापरली. त्यावर आलेल्या आक्षेपांना उत्तर म्हणून त्यांनी 1982 मध्ये 'दि एक्स्टेंडेड फिनोटाइप' लिहिले, ते तर मुख्यतः व्यवसायबंधूंना उद्देशूनच.

आपण अशा कोणत्या जोड्या वाचल्या आहेत, आणि दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याबद्दलचे आपले मत कसे बदलले, हे जाणून घ्यायला मला मनापासून आवडेल.

हिरवी_वाट

माझी जोडी थोडी विषम आहे, कारण तिच्यातील पहिला भाग पुस्तक नसून एक निबंध आहे. गूल्ड आणि रिचर्ड लेवाँटिन यांनी 1979 मध्ये व्हेनिसच्या सान मार्को चर्चचा दृष्टान्त घेऊन तो लिहिला. घुमट कमानींवर पेलला की कमानींच्या मधोमध निमुळते त्रिकोणी भाग आपोआप उरतात. त्यांवर इतकी सुंदर चित्रे काढलेली आहेत की जणू चित्रांसाठीच ते त्रिकोण बांधले असावेत असे पाहणाऱ्याला वाटते. त्याचप्रमाणे सजीवाच्या प्रत्येक अवयवाला 'हे कशासाठी?' असे विचारून उपयोगाची कहाणी रचणे चूक आहे, काही गोष्टी बांधणीतून केवळ उरलेल्या असतात, असा त्यांचा मुद्दा. माणसाची हनुवटी हे त्यांनी दिलेले एक उदाहरण.

मी हा निबंध वाचला आणि पुढच्याच हिवाळ्यात विजापूरला गेले. गोलघुमटात उभे राहून वर पाहिले, तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आणि त्यांच्यामधून पुढे झुकलेले ते बांधकाम पाहून मला सान मार्कोचा दृष्टान्त डोळ्यांनी समजला, आणि त्याच क्षणी एक शंकाही आली. विजापूरच्या गवंड्यांना ते भाग 'उरलेले' वाटले असतील का? घुमटाचा भार त्यांच्यामुळेच तर नीट उतरतो. पुढे डॅनियल डेनेट यांचे 1995 चे 'डार्विन्स डेंजरस आयडिया' वाचायला घेतले आणि त्यात हीच शंका रीतसर मांडलेली सापडली. चौकोनावर गोल घुमट बसवण्याचे मार्ग अनेक असतात, त्यांतून स्थपतींनी हा मार्ग निवडला, म्हणजे ते त्रिकोण अपरिहार्य उरवण नव्हेत, असे डेनेट म्हणतात. गूल्ड यांनी 1997 मध्ये त्यांना फार कठोर शब्दांत उत्तर दिले.

तरीही मूळ निबंध मला टाकाऊ वाटत नाही. दृष्टान्त लंगडा असला तरी इशारा खरा आहे. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'आदिमानव शिकार करत असे, म्हणून पुरुषांना अमुक आवडते' अशा धाटणीचे लेख वाचते, तेव्हा प्रत्येक वेळी मला 1979 चा तो निबंध आठवतो.

पहाटवारा

आपणा दोघांचेही लेखन वाचून हुरूप आला, पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि यांतील बरीच नावे मला नवी आहेत. ज्याने उत्क्रांतीवर शाळेच्या पुस्तकापलीकडे काहीच वाचलेले नाही, त्याने पहिली जोडी कोणती घ्यावी? मराठीत काही आहे का?

नदीकाठ

पहाटवारा, मराठीत नंदा खरे यांचे 'कहाणी मानवप्राण्याची' अवश्य वाचावे. मोठा विषय मराठी वाक्यात कसा तोलून धरावा याचाही तो नमुना आहे. त्यानंतर वादाकडे वळायचे असेल तर किम स्टेरेल्नी यांचे 2001 चे 'डॉकिन्स व्हर्सेस गूल्ड' हे लहानसे पुस्तक घ्या. लेखक तत्त्वज्ञ आहेत आणि कोणाचे कुठे बरोबर आहे हे सांगताना ते कचरत नाहीत. मात्र ते वाचून थांबू नका, कारण डॉकिन्स आणि गूल्ड यांच्या मूळ गद्याची चव दुसऱ्या कोणाच्या सारांशातून मिळत नाही.

कातळ

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, त्यामुळे बर्जेस शेलच्या बाबतीत एक भर घालतो. नदीकाठ यांनी ज्या दोन पुस्तकांची नावे घेतली, त्यांच्या मधल्या काळात दगडांनीही उत्तर दिले होते. हॅल्युसिजेनिया या प्राण्याचे वर्णन कॉनवे मॉरिस यांनी 1977 मध्ये केले तेव्हा तो लांब काट्यांच्या जोड्यांवर चालतो आणि पाठीवर मऊ शुंडके बाळगतो असे दाखवले होते, आणि गूल्ड यांच्या पुस्तकातही तो तसाच आहे. 1991 मध्ये चीनमधील चेंगजियांगच्या जीवाश्मांच्या आधारे रामशोल्ड आणि हौ यांनी दाखवून दिले की तो चक्क उलटा काढला गेला होता: काटे पाठीवर होते आणि शुंडके म्हणजे पाय. उलटा प्राणी सुलटा होताच तो आजच्या मखमली कृमींच्या जवळचा दिसू लागला. पुढे ओपाबिनियालाही संधिपादांच्या (कीटक, खेकडे यांच्या गटाच्या) वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ जागा मिळाली. गूल्ड यांना जे प्राणी सर्वस्वी अनोळखी वाटले होते, त्यांतील बरेचसे दूरचे नातेवाईक निघाले.

दुसरा मुद्दा नाइल्स एल्ड्रिज आणि गूल्ड यांच्या 1972 च्या निबंधाचा, कारण त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाविषयी झालेला मी पाहिला नाही. एल्ड्रिज त्रिलोबाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या डोळ्यांतील भिंगांच्या रांगा मोजत होते आणि गूल्ड बर्म्युडाच्या गोगलगाईंवर काम करत होते. दोघांनाही एकच चित्र दिसले: प्रजाती लाखो वर्षे जवळजवळ तशीच राहते, आणि बदल झालाच तर तो थोडक्या काळात, बहुधा एखाद्या बाजूला पडलेल्या लहान समूहात होतो. याला त्यांनी पंक्च्युएटेड इक्विलिब्रियम असे नाव दिले. अधूनमधून ढवळला जाणारा समतोल असे आपण म्हणू. यातील 'थोडका काळ' हा भूशास्त्राचा थोडका काळ आहे. गाळाच्या एका थरात हजारो वर्षे मावतात, आणि हजारो वर्षे म्हणजे गोगलगाईंच्या हजारो पिढ्या. वाचकांनी मात्र त्याचा अर्थ एका रात्रीत नवा प्राणी जन्मतो असा लावला.

डॉकिन्स यांच्या 1986 च्या 'द ब्लाइंड वॉचमेकर' मध्ये या सिद्धान्तावर एक अख्खे प्रकरण आहे. उत्क्रांती सदैव एकाच गतीने चालते असे डार्विनसह कोणीच मानत नव्हते, त्यामुळे एल्ड्रिज आणि गूल्ड हेही टप्प्याटप्प्याने होणारा बदल मानणारेच आहेत, असे ते म्हणतात. मला ते प्रकरण अर्धेच पटते. गतीबद्दल डॉकिन्स बरोबर आहेत, पण दीर्घ स्थैर्याचा प्रश्न त्यांनी हलका केला. लाखो वर्षे काहीच न बदलणे ही गोष्ट त्यापूर्वी कोणी लिहूनही ठेवत नसे. बदल दिसला नाही म्हणजे सांगण्यासारखे काही नाही असे समजले जाई. ती गोष्ट मोजायला शिकवली, हे त्या दोघांचे खरे देणे आहे.

शाळामास्तर

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा धागा आनंदाने वाचतो आहे, पण एक काळजी मांडल्याशिवाय राहवत नाही. नववी-दहावीच्या मुलांसमोर शास्त्रज्ञांचे हे मतभेद ठेवले, तर 'म्हणजे डार्विनबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही' असे वाक्य दुसऱ्या दिवशी घरोघरी पोचते. एका पालकांनी मला हेच वाक्य ऐकवले होते आणि आधार म्हणून गूल्ड यांचेच नाव घेतले होते. त्यांना त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, याची खंत आजही आहे.

नदीकाठ

मास्तर, आपली काळजी अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर खुद्द गूल्ड यांच्या वागण्यात सापडते. त्यांचा 1972 चा सिद्धान्त हाती धरूनच सृष्टिवाद्यांनी, म्हणजे सजीव देवानेच निर्माण केले असे मानणाऱ्यांनी, असा प्रचार केला होता. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने उत्क्रांतीच्या जोडीने सृष्टिवादही शिकवावा असा कायदा केला, तेव्हा डिसेंबर 1981 च्या खटल्यात गूल्ड त्या कायद्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले, आणि जानेवारी 1982 मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. डॉकिन्स यांच्याशी त्यांचे मतभेद आयुष्यभर राहिले, तरी सजीवांचे पूर्वज समान आहेत आणि नैसर्गिक निवड घडते या दोन गोष्टींवर दोघांत तिळमात्र फरक नव्हता. नदी वाहते यावर दोघांचे एकमत आहे, पात्र कशाने बदलले यावर वाद आहे, असे मुलांना सांगता येईल.

सुगरण_पक्षी

मास्तर, मुलांसाठी मी जोनाथन वायनर यांचे 1994 चे 'द बीक ऑफ द फिंच' सुचवीन. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपे 1973 पासून गालापागोसमधील डॅफ्नी मेजर या छोट्याशा निर्मनुष्य बेटावर जाऊन फिंच पक्ष्यांच्या चोची अनेक वर्षे मोजत राहिले. 1977 मध्ये तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बिया पक्ष्यांनी आधीच संपवल्या आणि उरली ती ट्रिब्युलसची कठीण, काटेरी फळे. मध्यम आकाराच्या जमिनीवरील फिंचांपैकी सुमारे 85 टक्के मेले. जगले त्यांत मोठ्या, जाड चोचीचे पक्षी अधिक होते, कारण ते फळ फोडण्याची ताकद त्यांच्याकडे होती. आणि पुढच्या पिढीची सरासरी चोचही आधीपेक्षा जाड निघाली. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, पण त्यावर जगणे-मरणे ठरले.

हे ट्रिब्युलस म्हणजे आपल्या माळरानावर अनवाणी पायात रुतणाऱ्या सराट्याचेच भावंड आहे, हे कळले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आमच्या गावच्या वाटेवर लहानपणी मी ज्याला वैतागत होते, त्याच कुळातील काट्याने तिकडे एका पक्ष्याची चोच घडवली. मुलांना सराटा हातात देऊन ही गोष्ट सांगा. त्यांना निवड म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागणार नाही.

कातळ यांनी मांडलेल्या स्थैर्याच्या प्रश्नाशीही या पुस्तकाचा संबंध आहे. 1982-83 च्या एल निनोमध्ये त्या बेटावर प्रचंड पाऊस झाला, वेलींनी आणि गवताने बेट झाकले, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि पुढे निवडीचा काटा उलट फिरून लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. एका दिशेने जोराचा धक्का, मग दुसऱ्या दिशेने तसाच धक्का. हजारो वर्षांनंतर कोणी या पक्ष्यांचे जीवाश्म मोजले, तर 'काहीच बदलले नाही' अशी नोंद होईल, आणि तरीही त्यांच्यावर निवड एक दिवससुद्धा थांबलेली नसेल. माझ्या मते दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

उत्तररात्र

मला या धाग्याच्या मूळ कल्पनेवर एक आक्षेप नोंदवायचा आहे. जोडीने वाचन करण्यात धोका असा की प्रत्येक वादात दोन्ही पारडी सारखी आहेत असे वाटू लागते. विन-एडवर्ड्स यांची गटनिवड ज्या रूपात मांडली गेली होती त्या रूपात ती टिकली नाही. एडवर्ड विल्सन यांनी नोवाक आणि टार्निटा यांच्यासह 2010 मध्ये 'नेचर' मध्ये आप्तनिवडीच्या, म्हणजे नातेवाइकांना मदत करूनही आपलीच जनुके पुढे जातात या हॅमिल्टन यांच्या, सिद्धान्तावर हल्ला चढवला, तेव्हा पुढच्या वर्षी 137 शास्त्रज्ञांनी एकत्र सही करून विरोध नोंदवला. विल्सन यांचे 2012 चे 'द सोशल काँक्वेस्ट ऑफ अर्थ' वाचणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसेल, तर पुस्तकाच्या सुंदर भाषेमुळे त्याचा गैरसमज होईल.

दुसरे असे की लोकप्रिय पुस्तकांत जो वाद गाजतो तोच शास्त्रातील मोठा वाद असतो असे नाही. मोतू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडले की रेणूंच्या पातळीवर स्थिर होणारे बहुतेक बदल उपकारकही नसतात आणि अपायकारकही नसतात, ते केवळ योगायोगाने पसरतात. या तटस्थतेच्या सिद्धान्ताने जीवशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे खळबळ माजवली आणि आज जनुकीय माहिती वाचणारा प्रत्येक जण त्याचा पायाभूत हिशेब म्हणून उपयोग करतो. पण या वादाला ना पाच डोळ्यांचा प्राणी लाभला ना फिंचची चोच, म्हणून दुकानाच्या फळीवर त्याचे पुस्तक दिसत नाही. नदीकाठ म्हणतात की वाद पुस्तकांतच झाला. मी म्हणेन की जो वाद गोष्टीरूपाने सांगता आला तोच पुस्तकांत झाला.

हिरवी_वाट

उत्तररात्र, आपला दुसरा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. पहिल्यात थोडी भर घालते, कारण आप्तनिवडीच्या वादाला आपल्याकडील एक महत्त्वाचा धागा जोडलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर आयुष्याचा मोठा काळ घालवला. दक्षिण भारतात ही माशी घराच्या वळचणीला कागदासारखे पोळे करते. हॅमिल्टन यांच्या हिशेबात मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांमध्ये सख्ख्या बहिणींचे नाते तीन-चतुर्थांश भरू शकते, म्हणून कामकरी माशी स्वतः वीण न करता बहिणी वाढवते, असे स्पष्टीकरण बरेच दिवस दिले जाई. पण या माशीची राणी एकाहून अधिक नरांशी मीलन करते आणि एकाच पोळ्यावर राण्याही बदलत जातात, त्यामुळे नाते त्याहून बरेच खाली येते. मग ती राबते का? एकट्याने पोळे बांधणारी माशी पिले वाढण्याआधीच मेली तर तिचे सगळे कष्ट वाया जातात, पण समूहात राहणारी मध्येच मेली तरी तिने वाढवलेली पिले दुसरी कोणीतरी पुढे नेते, हे गदगकर यांनी 1990 मध्ये मांडले. हॅमिल्टन यांचे समीकरण यामुळे मोडत नाही. त्यातील नात्याच्या आकड्याइतकेच लाभ आणि किंमत यांचे आकडे मोजायला हवेत, एवढेच यातून दिसते. त्यांचे 1997 चे 'सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज' हे छोटे पुस्तक विल्सन आणि डॉकिन्स यांच्या जोडीला तिसरे म्हणून ठेवावे.

पुण्याच्या मिलिंद वाटवे यांचे 2013 चे 'डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबिटीज' हेही याच फळीवर हवे. दुष्काळात जगवणारी 'काटकसरी' जनुके आज सुकाळात मधुमेह आणतात, ही जेम्स नील यांची 1962 ची कल्पना आपण सगळे सिद्ध झालेली असल्यासारखी उद्धृत करतो. वाटवे तिच्यावर शंका घेतात आणि शरीराने इन्सुलिनला न जुमानण्याचा संबंध अंगमेहनतीच्या, आक्रमक जगण्याकडून बैठ्या, तडजोडीच्या जगण्याकडे वळण्याशी जोडतात. त्यांची मांडणी अजून वादात आहे, आणि सान मार्कोचा निबंध वाचलेल्या वाचकाने तीही त्याच चाळणीतून काढावी. पण घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात हा वाद किती जवळचा आहे!

नदीकाठ

उत्तररात्र यांचा आक्षेप मी मान्य करतो आणि माझे वाक्य दुरुस्त करतो: जोडीने वाचायचे ते दोघांना सारखे गुण देण्यासाठी नव्हे, पुढचा पुरावा कोणत्या जागी शोधायचा हे कळण्यासाठी. पहिल्या लेखनात मी फितीचा प्रश्न अर्धवट सोडला होता, तो आता याच दृष्टीने पुरा करतो.

रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या 12 एकसारख्या वसाहती बारा चंबूंमध्ये वाढवायला सुरुवात केली आणि दर 500 पिढ्यांनी प्रत्येक वसाहतीचा नमुना गोठवून ठेवला. म्हणजे गूल्ड यांनी कल्पनेत गुंडाळलेली फीत त्यांनी शीतपेटीत खरोखर जपली. बाराही वसाहती पहिल्यापेक्षा वेगाने वाढू लागल्या आणि बाराही वसाहतींतील पेशी आकाराने मोठ्या झाल्या, इथपर्यंत कॉनवे मॉरिस यांची सरशी. मग सुमारे 31,500 पिढ्यांनंतर एकाच चंबूतील जिवाणूंनी भोवतालच्या द्रवातील सायट्रेट हे रसायन ऑक्सिजन असतानाही खाण्याची क्षमता मिळवली. ते सायट्रेट बाराही चंबूंमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होते. झॅकरी ब्लाउंट यांनी त्या वसाहतीचे गोठवलेले पूर्वज बाहेर काढून फीत पुन्हा पुन्हा चालवली आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: सुमारे 20,000 पिढ्यांनंतरच्या पूर्वजांपासून ती क्षमता पुन्हा उगवली, तीही क्वचित, पण त्याआधीच्या पूर्वजांपासून उगवली नाही. आधी कधीतरी घडलेल्या बदलाने पुढची वाट मोकळी केली होती. इथे गूल्ड यांची सरशी. ते 2002 मध्येच गेले होते. त्यांना हे वाचायला मिळाले नाही याचे मला अजून वाईट वाटते.

ही गोष्ट विस्ताराने वाचायची असेल तर जोनाथन लोसॉस यांचे 2017 चे 'इम्प्रॉबेबल डेस्टिनीज' घ्या. लोसॉस स्वतः क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या बेटांवरील सरड्यांचे अभ्यासक आहेत, आणि त्या चारही बेटांवर जाड फांद्यांवरचे, काटक्यांवरचे आणि बुंध्याच्या तळाजवळचे सरडे स्वतंत्रपणे जवळजवळ एकसारखे घडले आहेत. म्हणजे त्यांचे स्वतःचे प्राणी कॉनवे मॉरिस यांच्या बाजूने साक्ष देतात, आणि तरीही ते लेन्स्की यांच्या एका चंबूला पुस्तकात पुरेपूर जागा देतात. पहाटवारा, आपण स्टेरेल्नी संपवल्यावर हे उचला. माझ्याकडे एक प्रत आहे. पुण्यात असाल तर ती न्यायला या.